कंपनीला कुठे माहीत आहे? घराचा आणि गाडीचा विमा वेळोवेळी तपासायचा कसा

गाडीच्या मागच्या दाराला चेपा आला होता, एवढंच. विम्यासाठी नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले, वाकून बघितलं, दोन फोटो काढले आणि हातातल्या कागदावरची नजर न उचलता विचारलं, "पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे, ते कुठे आहेत?"

"वडील होते माझे. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

त्यांनी काही न बोलता पेनाला टोपण लावलं. तेव्हाच मला कळलं की क्लेमचं काय होणार.

हप्ता दर वर्षी वेळेवर जात होता, माझ्याच खात्यातून, आपोआप. पैसे कापले गेल्याचा मेसेज आला की मी निर्धास्त व्हायचो. भारतातल्या वाहन पॉलिसीत मात्र स्वच्छ छापलेलं असतं: मालक वारला तर पॉलिसी लगेच संपत नाही, पण मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवरच ती चालते. तेवढ्या अवधीत वारसाने गाडी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. ते पान मी कधी उलटलंच नव्हतं. चेपा स्वतःच्या खर्चाने काढला, आणि फक्त चेप्यावर निभावलं म्हणून हात जोडले.

विमा कंपनी आपल्या घरात राहत नाही. लग्न झालं, घर बदललं, वर एक खोली चढवली, गाडीला सीएनजी किट बसवलं, यातलं काहीही तिला आपणहून कळत नाही. पॉलिसी काढताना जे सांगितलं तेवढंच ती धरून चालते आणि क्लेमच्या दिवशी तेवढंच उघडून बघते. त्यामुळे विम्याचा आढावा म्हणजे स्वस्त प्रीमियम शोधणं नव्हे. कागदावर जे लिहिलंय ते आजही खरं आहे का, एवढंच आधी बघायचं. स्वस्त-महाग नंतर.

आधी शेड्यूल काढा

पॉलिसीचं बाड जाडजूड असतं आणि ते बघूनच बहुतेक जण फाइल मिटतात. तुम्हाला सुरुवातीला फक्त एक-दोन पानं लागणार आहेत. नाव, पत्ता, रक्कम, मुदत असं सगळं ज्यावर असतं ते पान म्हणजे शेड्यूल. त्याची प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. मोबाइलवर वाचू नका, मी सांगतो म्हणून. पडद्यावर आपण नजर फिरवतो, वाचत नाही.

प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न: आजही खरं आहे का? मालकाचं नाव, नॉमिनी, पत्ता, घर स्वतःच्या वापरात की भाड्याने, बांधकामाचं क्षेत्रफळ, विम्याची रक्कम, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव. गाडीच्या बाबतीत इंजिन आणि चासी नंबर, इंधनाचा प्रकार, वापराचा प्रकार, जोडलेली ॲड-ऑन कव्हरं, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेली वाढीव संरक्षणं. जिथे उत्तर "नाही" किंवा "आठवत नाही" असेल तिथे गोल करा. पहिल्यांदा बसाल तेव्हा तीन-चार गोल सहज होतील.

मग अपवादांचं पान वाचा, म्हणजे कंपनी काय भरून देणार नाही ते. बाकी सगळं सोडलंत तरी हे पान सोडू नका.

रिन्यूअलच्या महिनाभर आधी हे एकदा करायचं. आयुष्यात काही मोठं घडलं तर मात्र रिन्यूअलपर्यंत थांबायचं नाही, त्याच आठवड्यात फाइल काढायची.

घर: रक्कम बरोबर आहे का

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. "आमचं घर आता दोन कोटींचं आहे" असं म्हणून तो दोन कोटींचा विमा मागतो. त्या दोन कोटींत जागेची किंमत आहे, आणि जमीन जळत नाही. विमा हवा असतो तो पडलेलं घर आजच्या मजुरीने आणि आजच्या सिमेंट-लोखंडाच्या दराने पुन्हा उभं करायच्या खर्चाचा. बाजारभाव कमी-जास्त झाला म्हणून हा आकडा हलत नाही. बांधकामाचा दर वाढला की हलतो, आणि दर वाढतच असतो.

उलटी चूक जास्त महागात पडते. दहा वर्षांपूर्वीची रक्कम तशीच पुढे ढकलत राहिलात तर काय होतं ते बघा. समजा घर पुन्हा बांधायला आज ८० लाख लागतील आणि विमा ४० लाखांचा आहे. आग लागून १० लाखांचं नुकसान झालं. आपल्याला वाटतं, ४० लाखांपर्यंत विमा आहे, १० लाख तर मिळतीलच. सरासरीचं कलम असलेल्या पॉलिसीत कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच घराचा विमा काढला होता, तेव्हा निम्मंच नुकसान आमचं. हातात येतात ५ लाख. विम्याच्या भाषेत याला अंडरइन्शुरन्स म्हणतात. भारतात १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत ही कपात होत नाही, पण तिथेही विम्याच्या रकमेपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत. पूर्ण घर गेलं तर ४० लाखांचा विमा म्हणजे ४० लाखच.

म्हणून घराला हात लावलात की रक्कम तपासा. रंगकाम केलं तर काही बिघडत नाही. खोली वाढवली, गच्चीवर सौर पॅनेल बसवली, फरशी आणि स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं, तर कळवा. काम चालू असतानाच एक मेल टाकून विचारा की या काळातलं नुकसान धरलं जाईल का. भिंत फोडलेली, वायरी लोंबतायत, कामगारांची ये-जा चालू, अशा वेळी घराला जास्त धोका असतो आणि नेमकं तेव्हाच कोणाला विमा आठवत नाही.

घरातल्या वस्तू

इमारतीचा विमा वेगळा, आतल्या सामानाचा वेगळा. भारत गृह रक्षामध्ये इमारतीचा विमा काढला की सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, पण कमाल १० लाख. त्याहून जास्त हवं असेल तर यादी द्यावी लागते. दागिने, चित्रं, जुन्या दुर्मीळ वस्तू यांची गोष्ट सगळीकडेच निराळी. त्यांना एकतर अगदी तोकडी मर्यादा असते, नाहीतर किंमत ठरवून वेगळी नोंद करावी लागते. लग्नात दागिने आले, वारसाने काही मिळालं, तर हा रकाना आधी बघा.

चोरीबद्दल एक गोष्ट अनेकांना क्लेमच्या दिवशीच कळते. भारत गृह रक्षामध्ये चोरी धरली जाते ती आग, पूर यांसारखी विम्यात बसणारी घटना घडून त्यामुळे सात दिवसांच्या आत झाली तर. आपण गावाला गेलो आणि कुलूप फोडून कोणी टीव्ही नेला, तर त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. "घराचा विमा आहे ना" या एका वाक्यावर विसंबून राहू नका, कशापासून आहे ते विचारा.

सामानाची यादी करायला मी कागद वापरत नाही. मोबाइल हातात धरून दारापासून सुरुवात करायची आणि बोलत बोलत व्हिडिओ घ्यायचा. "हे वॉशिंग मशीन, गेल्या वर्षी घेतलं." झाकण उघडून आतला मॉडेल नंबर दाखवायचा. टीव्ही जरा तिरका करून मागचं स्टिकर. कपाटं उघडी करायची, अगदी पलंगाखालचा खणसुद्धा. मला पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, त्यातली पाच सूटकेसची किल्ली शोधण्यात गेली. व्हिडिओ घरातल्या लॅपटॉपवर ठेवू नका, घराबरोबर लॅपटॉपही जाईल. ई-मेलवर किंवा क्लाउडवर ठेवा. बिलांचे फोटो त्याच जागी.

घरात कोण राहतं, काय चालतं

घर भाड्याने दिलंत की तुम्ही घरमालक म्हणून इमारत सांभाळता, भाडेकरूच्या सामानाला तुमचा विमा लागू होत नाही. त्याने स्वतःचा काढायचा. तुम्ही भाडेकरू असाल तर हेच उलट वाचा. मालकाच्या पॉलिसीत तुमची गादीसुद्धा बसत नाही.

घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर शब्द न् शब्द वाचा. ब्रिटनमध्ये बऱ्याच पॉलिसींत घर ३० किंवा ६० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं की संरक्षण आखडतं. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरमालक पॉलिसीत घर ६० दिवसांहून जास्त रिकामं असेल तर तोडफोड आणि काच फुटणं धरत नाहीत. कारण साधं आहे. नळ गळायला लागला तर राहत्या घरात तासाभरात कळतं, बंद घरात शेजाऱ्यांच्या छतातून पाणी उतरल्यावर. परदेशी मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच कंपनीला विचारावं.

घरून धंदा सुरू केलात तर तेही कळवा. लॅपटॉपवर नोकरीचं काम करणं एक आणि खोलीत माल साठवणं, शिलाईची चार मशीनं लावणं, शिकवणीला रोज वीस मुलं येणं दुसरं. राहत्या घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल आणि घरी आलेल्या ग्राहकाला झालेली इजा सहसा बसत नाही.

पूर आणि भूकंपाचं गृहीत धरू नका. भारत गृह रक्षामध्ये दोन्ही आहेत. अमेरिकेतल्या नेहमीच्या घराच्या पॉलिसीत दोन्ही नाहीत. तिथे सरकारी पूर विमा योजनेतून पॉलिसी घेतली तरी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाची बातमी ऐकून धावलात तर उशीर झालेला असतो. नव्या गावी घर घेतलंत की दरापेक्षा आधी हे विचारा.

गृहकर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीत असतं आणि क्लेमवर पहिला हक्क तिचा. कर्ज फिटलं की ते नाव काढून घ्या. कर्जासोबत बँकेने काढून दिलेला विमा फक्त कर्जाच्या रकमेएवढाच आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

गाडी

गाडीच्या विम्याचे दोन भाग. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. बहुतेक देशांत तो कायद्याने सक्तीचा आहे. ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान आणि चोरी. तो ऐच्छिक, आणि आढाव्याची बरीचशी डोकेफोड याच भागात.

भारतात ओन डॅमेजची रक्कम म्हणजे आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम. निर्मात्याच्या विक्री किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घट धरतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. त्यानंतरची रक्कम तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. रिन्यूअलच्या पडद्यावर आयडीव्ही खाली सरकवली की प्रीमियम उतरतो, आणि एजंटही कौतुकाने ते दाखवतात. फसू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण गेली असं धरतात. मग हातात येणारा आकडा तुम्हीच खाली सरकवलेला असतो.

वापर बदलला का, हा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वाहतूक, मालाची ने-आण आणि शर्यत बसत नाही. फावल्या वेळात खासगी गाडीने प्रवासी सोडायला सुरुवात केली किंवा स्कूटरवर पार्सलं पोचवायला लागलात, तर पॉलिसीच्या दृष्टीने ते वाहन वेगळं झालं. ब्रिटनमध्ये तर घरगुती वापर, नोकरीला जाणं-येणं आणि धंद्याचा वापर असे वेगवेगळे वर्ग आहेत. नोकरी बदलली आणि रोज गाडीने जावं लागलं, तरी कळवावं लागतं. निवृत्त झालात किंवा घरून काम करू लागलात तर उलट फायदा. कमी चालणाऱ्या गाडीला कमी प्रीमियम लावणाऱ्या योजना आता बऱ्याच ठिकाणी मिळतात, विचारून बघा.

गाडी कोण चालवतं? भारतात सहसा मालकाखेरीज वैध परवाना असलेला कोणीही चालवू शकतो, पण त्याचा परवाना त्या वाहनाचा आणि चालू असायला हवा. ब्रिटन-अमेरिकेत चालकांची नावं द्यावी लागतात. तिथे गाडी मुख्यत्वे मुलगा चालवतो आणि प्रीमियम कमी यावा म्हणून आई-वडील स्वतःला मुख्य चालक दाखवतात, अशी एक वाट लोक काढतात. ब्रिटनमध्ये तिला "फ्रंटिंग" म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. क्लेम तर जातोच, पुढे दुसरी कंपनीही दारात उभं करत नाही.

सीएनजी किट बसवलं तर आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे नोंद हवी. नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम, दिवे यांची नोंद नसेल तर त्यांचे पैसे सोडून द्या.

नो क्लेम बोनस कोणाचा?

भारतात एकही क्लेम न करता वर्ष काढलंत की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसं पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा. कित्येक जण तो गाडीबरोबर देऊन टाकल्यासारखे विसरतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही विकणाऱ्याचा बोनस मिळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण ओन डॅमेज नावावर करून घेण्यासाठी त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. आणि मुदत संपल्यावर ९० दिवसांत रिन्यूअल केलं नाही तर साठवलेला सगळा बोनस बुडतो.

म्हणून बारीक ओरखड्याला क्लेम करायच्या आधी गणित करा. बोनस ५० टक्क्यांवर असेल आणि एका क्लेमने तो शून्यावर येणार असेल, तर गॅरेजचं बिल किती आणि पुढच्या वर्षी जादा भरायचे किती, हे दोन आकडे शेजारी लिहून बघा. बऱ्याचदा खिशातून देणंच परवडतं.

कळवायचं कसं

फोन करून सांगणं म्हणजे कळवणं नव्हे. एजंटला भेटीत सांगणं तर नाहीच, तो आज आहे, उद्या दुसरीकडे असेल. मेल टाका. विषयात पॉलिसी क्रमांक आणि आत साधी दोन वाक्यं: "अमुक तारखेपासून असा बदल झाला आहे. कृपया पॉलिसीत नोंद करून एंडोर्समेंट पाठवावे." सोबत कागद जोडा. बदल मान्य झाल्याचं कंपनी जे पत्र देते ते एंडोर्समेंट. ते येत नाही तोवर बदल झालेला नाही, असंच धरा. आलं की नाव, तारीख, आकडा पुन्हा वाचा.

लग्न, घटस्फोट, मृत्यू यांनंतर नॉमिनी आधी बदला. भारतात मालक-चालकाला १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, ते पैसे कोणाला मिळणार हे त्या एका ओळीवर ठरतं. विभक्त होताना गाडी एकाने ठेवली आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर राहिली, हे तर नेहमीचंच.

कंपनी बदलायची असेल तर नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी सोडू नका, मधे एक दिवसही रिकामा नको. आणि प्रीमियम कमी करायचाच असेल तर ऐच्छिक डिडक्टिबल वाढवून बघा, म्हणजे दर क्लेममधला पहिला ठरावीक हिस्सा आपण सोसायचा. उद्या सकाळी उसने न घेता जेवढे देता येतील तेवढेच तिथे लिहा.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा स्कूटर सोबत घेऊन गेली. ती पोचायच्या आत मी कंपनीला पत्ताबदलाचा मेल टाकला होता. चार दिवसांनी एंडोर्समेंट आलं. नाव बरोबर, गल्ली बरोबर, पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलेला. परत मेल टाकलाय, उत्तराची वाट बघतोय.